रुप्यावरची आई

आमच्याकडे रोममध्ये नाटकाचा खेळ सुरू होताना पडदा वर जात नाही, खाली जातो. रंगमंचाच्या पुढच्या खाचेत तो हळूहळू उतरतो आणि बघणाऱ्यांना आधी डोकी दिसतात, मग खांदे, मग पाय. अर्तेमोनला पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही तो असाच दिसायचा.

आव्हेंतीन टेकडीच्या उतारावरची ती पाच मजली चाळ डोळ्यांपुढे आणा. सकाळची कोवळी उन्हं, खाली कांदेवाल्याची हातगाडी, शेजारच्या धोब्याच्या हौदांचा उग्र वास. जिन्याच्या अंधारातून एक पांढरं, पिंजारलेलं डोकं बाहेर येतं. त्या डोक्यातलं तोंड अखंड चालू. मग त्याच्या खालून एक टक्कल उगवतं, घामाने चकचकीत. मग कळतं की एक म्हातारी आहे आणि तिला पाठीवर घेतलेला एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस आहे.

"आली, पालखी आली!" कांदेवाला ओरडायचा. "व्हा बाजूला!"

"पालखी कसली मेल्या, गाढव आहे हे," पाठीवरून वेलिया म्हणायची. "तेही म्हातारं. तिसऱ्या मजल्यावर दम खातं. जावईबापू, उजवीकडे घ्या, तिथे कुणीतरी रात्रीचं भांडं ओतलंय."

"दिसलं, सासूबाई."

"दिसलं म्हणे. परवाही दिसलं होतं, आणि मग पाय कुणाचे धुवावे लागले?"

सगळी गल्ली हसायची, पण त्या हसण्यात आदर असायचा. अर्तेमोनची बायको रुब्रिया तापाने गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. बायको गेल्यावर सासूला कोण सांभाळतं? त्यातून हा स्वतः गुलाम, सरकारी टांकसाळीतला. पण तो रोज तिला पाठीवरून कारंज्यापाशी आणायचा, उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात सोडायचा आणि दिवेलागणीला परत वर न्यायचा. आया आपल्या पोरांना बोट दाखवून सांगायच्या, "बघ, तो कातानाचा माणूस. त्यांच्या रक्तातच असतं ते."

कातानाचं नाव निघालं की अर्तेमोन मान खाली घालायचा. लोकांना वाटे, केवढा हा विनय.

काताना हे सिसिलीतलं, एत्ना डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथली गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डोंगर फुटला, आगीचा लोंढा गावावर चालून आला, जो तो सोनंनाणं उचलून पळत सुटला. दोन भावांनी मात्र, एकाने बापाला आणि दुसऱ्याने आईला खांद्यावर घेतलं. ओझ्याने पाय उचलेनात, तेव्हा आगच दुभंगली आणि तिने त्यांना वाट दिली. सोनं घेऊन पळालेले जळून गेले. तेव्हापासून कातानाचा माणूस भेटला की लोक हमखास विचारतात, "मग तुम्ही कुणाला उचललंत?"

अर्तेमोनने पेटी उचलली होती.

विशीतला होता तो. मुद्रा कोरणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली शिकत होता. डोंगर पुन्हा फुटला, पण ह्या खेपेला आग आली नाही, राख आली. गरम, जड राख. ती छपरांवर साचत गेली आणि तुळया करकरू लागल्या. आईचे पाय सुजलेले, तिला उठवत नव्हतं. ती दाराशी बसली होती आणि तिच्याजवळच हत्यारांची पेटी होती: टोचण्या, छिन्न्या, केसाएवढ्या टोकाचा, भोकं पाडायचा सामता. उस्ताद मेला होता, पेटी आता अर्तेमोनची होती, आणि पुढची सगळी भाकरी त्या पेटीत होती. दोन्ही एकदम झेपणार नव्हतं. आधी पेटी किनाऱ्याला ठेवू, मग येऊन आईला नेऊ, असं त्याने मनाशी ठरवलं. आईने दोन्ही हात पुढे केले. तो वळला. कोपऱ्यापर्यंत पोचला असेल नसेल, तोच मागे छप्पर बसलं. आवाज काही फार मोठा झाला नाही. धान्याचं पोतं कुणी खाली टाकावं, तेवढाच.

किनाऱ्यावर होड्या घेऊन आलेली माणसं मदतीला आलेली नव्हती. त्यांनी त्याला पेटीसकट उचललं. रोमला गुलामांच्या बाजारात चबुतऱ्यावर चढवल्यावर दलालाने विचारलं, "कुठला रे?"

"काताना."

"वा! मग आईला उचललं असशीलच."

अर्तेमोन गप्प राहिला. दलालाने त्या गप्प राहण्याचा आपल्या सोयीचा अर्थ काढला आणि गळ्यातल्या पाटीवर खरडलं: खोदकाम येतं, चोर नाही, पळपुटा नाही, आईला खांद्यावर घेऊन राखेतून आला, ती वाटेत वारली. टांकसाळीच्या माणसाने त्याला घेतलं ते ती पाटी वाचून. रुप्याचं काम, तिथे नीतीचा माणूस हवा. रुब्रिया त्याच्यावर भाळली तीही त्याच पाटीपायी. रुब्रिया आणि तिची आई दोघी गुलामीतून सुटलेल्या, पण मुलीने गुलामाशी संसार मांडला तेव्हा वेलियाने हूं की चूं केलं नाही. "आईला न टाकणारा माणूस बायकोलाही टाकत नाही," एवढंच ती म्हणाली होती.

त्याने स्वतः एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. नुसतं बोलायचं टाळलं होतं. आणि तेच त्याला वाळवीसारखं आतून पोखरत होतं. कुणी "पुण्यवान" म्हणून हाक मारली की त्याला ओरडावंसं वाटे, आणि मग त्याच संध्याकाळी तो सासूला पाठीवर घेऊन जरा जास्तच भरभर जिने चढे.

टांकसाळ कॅपिटॉल टेकडीवर, मोनेता देवीच्या देवळाला लागून होती. दरवर्षी नाण्यांच्या कामावर मोठ्या घरचे तीन तरुण नेमले जात आणि प्रत्येकाला रुप्याच्या दिनारावर आपल्याच घराण्याचा डंका वाजवायचा असे. अर्तेमोनने त्यांच्यासाठी काय काय कोरलं होतं! शिरस्त्राण घातलेली रोमा, पंखवाली विजया, चार घोड्यांचे रथ, कुणाच्या आज्याने मारलेला हत्ती. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत सगळं कोरायचं, आणि तेही उलटं. नाण्यावर जे उंच दिसायला हवं ते ठशात खोल, उजवं ते डावं. इतर खोदकार अडले की मेणात छाप घेऊन बघत. ह्याला सगळं उलटं सरळ दिसायचं.

"तू घोडा जन्माला घालतोस आणि मी त्याला घणाखाली घालतो," बितुस म्हणायचा. हा थ्रेसचा आडदांड गडी घण मारायचा. तापलेली रुप्याची चकती ठशावर ठेवली की वरून दुसरा ठसा, आणि मग बितुसचा एक घाव. "आणि शेवटी घोडा जातो तिसऱ्याच्याच खिशात."

त्या वर्षी नुमेरियस ऑर्बिकियस नावाचा तरुण आला. केसांना तेल, बोलण्यात घाई. पुढे निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्याचा आजा सिसिलीत अधिकारी होता.

"रथ नको मला," तो म्हणाला. "रथ आता घोड्यांनाही नको झालेत. मला कातानाचे भाऊ हवेत. मातापित्यांची भक्ती! लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

अर्तेमोनने तोंडावरचा घाम पुसला. "धनी, दोन भाऊ, वर दोन म्हातारे, एवढ्याशा जागेत फार गर्दी होईल. विजया छान दिसेल. किंवा जहाज."

"अरे, तुझ्या गावची गोष्ट! तू नाही कोरणार तर कोण कोरणार?"

"आणि ह्याला नमुनाही शोधायला नको," बितुस मागून म्हणाला. "रोज पाठीवरच असतो, तोंडासकट."

सगळे हसले. अर्तेमोनही हसला. दुसरं काय करणार?

पहिला भाऊ आणि त्याच्या खांद्यावरचा बाप सहज उतरले. सामत्याच्या टोकाने ठिपके मारून त्याने ज्वाळा काढल्या. दुसरा भाऊही झाला. आईपाशी येऊन मात्र हात थांबला. ठशावर दोन दिवस फडकं टाकून ठेवलं. मग एका सकाळी तो बसला आणि न थांबता तिला कोरून मोकळा झाला. आयुष्यात पहिल्यांदाच, आपण काय कोरलं हे बघायला त्याला मेण लागलं. मेण दाबून उचललं. आई खांद्यावर होती, पण तिचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते.

ऑर्बिकियसने ते मेण उजेडात धरलं. "हात असे का?"

अर्तेमोन सामत्याचं टोक फडक्याने पुसत राहिला.

"कळलं! देवांना आळवतेय! वा, किती बारीक विचार केलास रे. असंच राहू दे."

ठसा भट्टीत लाल झाला, पाण्यात चुर्र झाला, बितुसचा घण चालू झाला. हात पसरलेली बाई टोपल्याटोपल्यांनी बाहेर पडू लागली.

त्या संध्याकाळी वेलियाने जावयाचा अंगरखा झटकला तेव्हा त्याच्या घडीतून तो मेणाचा तुकडा पडला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून तिने तो अंगठ्याने चाचपला. शेगडीवर हरभरे शिजत होते.

"हे काय?"

"नव्या नाण्याचा छाप. कातानाचे भाऊ."

"हा बाप. ह्याने पोराच्या गळ्याला विळखा घातलाय. बरोबर आहे. आणि ही बाई कोण?"

"त्यांची आई. दुसऱ्याच्या खांद्यावर."

"छट्! ही खांद्यावर नाहीच."

"सासूबाई, तुम्हाला नीट दिसत नाही..."

"मला शिकवतोस? इतकी वर्षं कोण बसतंय? पाठीवरची बाई जीव मुठीत घेऊन गळा धरते. असे हात पसरले तर पहिल्याच पायरीवर माझा कपाळमोक्ष होईल. ही बाई कुठेतरी खाली बसलीय, आणि कुणाला तरी म्हणतेय, मला घे."

अर्तेमोनने हरभरे ढवळले. मग पुन्हा ढवळले. वेलियाचा अंगठा त्या मेणावरच होता.

"तू तिला उचललं नव्हतंस," ती म्हणाली.

त्याने पळी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. पेटी, किनारा, तो पोत्यासारखा आवाज, दलालाची पाटी. सांगताना तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. म्हातारी मध्ये एकदाही बोलली नाही. तिच्या आयुष्यात असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं.

"आणि मला कशासाठी उचलतोस?" शेवटी तिने विचारलं. "माझ्या रुब्रियाची आई म्हणून, की तिच्या जागी?"

"तिच्या जागी."

"बरं झालं, खरं बोललास. मीही म्हणायचे, मी एवढी काय गोड लागून गेलेय?"

"उद्यापासून मी तुम्हाला हात लावला नाही तरी चालेल. कांदेवाल्याला सांगतो, तो..."

"का? तू पाप केलंस म्हणून माझे गुडघे बरे झाले का? हरभरे करपले बघ."

इतकंच असतं तर कदाचित ते दोघं तसंच जिने चढत-उतरत राहिले असते. पण पुढच्या आठवड्यात ऑर्बिकियस टांकसाळीत आला तो हातवारे करतच. त्या वर्षीच्या महामाता देवीच्या उत्सवाचे खेळ त्याच्या थोरल्या भावाकडे होते. दोन नाटकांच्या मध्ये एक देखावा व्हायचा होता: कातानाचा खरा पुण्यवान आपल्या सासूला पाठीवर घेऊन ज्वाळांतून चालत येतो आणि वरून लोकांवर नवी नाणी उधळली जातात.

"आणि दुसऱ्या दिवशी, अर्तेमोन, तुझी सुटका! दंडाधिकाऱ्यांशी बोलणं झालंय. सुटकेची काठी खांद्याला लागेल, लोकरीची टोपी डोक्यावर चढेल. मोकळा माणूस!"

बितुसने घण खाली ठेवून त्याला मिठी मारली. अर्तेमोन पन्नाशी ओलांडलेला. टोपी म्हणजे स्वतःचं मुद्रा कोरण्याचं दुकान. तळमजल्यावर खोली. मेल्यावर थडग्यावर रुब्रियाच्या शेजारी, नवरा म्हणून नाव. आणि हे सगळं त्या एका पाटीच्या बळावर.

घरी येऊन त्याने सांगितलं आणि म्हणाला, "माझ्याच्याने होणार नाही."

"तळमजला मिळत असेल तर मी ज्वाळांतून काय, गटारातूनही येईन," वेलिया म्हणाली. मग म्हणाली, "तोंड उघडलंस तर टोपी गेली. मिटून ठेवलंस तर काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी ह्यात पडणार नाही. मी पाठीवर असेन."

उत्सवाच्या दिवशी पालातीन टेकडीवरच्या देवळापुढे लाकडी रंगमंच उभा होता आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावर बसली होती. पडदा खाली गेला. आधी वेलियाचं पिंजारलेलं डोकं दिसलं, मग टक्कल. लाल फडकी घेतलेले सोंगाडे ज्वाळा होऊन दोन्ही बाजूंनी फडफडू लागले. "पुण्यवान! पुण्यवान!" लोकांनी आरोळी ठोकली. अर्तेमोन चालू लागला. रंगमंचाच्या मध्यावर त्याचे पाय थांबले. ज्वाळा गोंधळल्या, ठरल्याप्रमाणे त्यांना आता दुभंगायचं होतं, पण पुढे येणारं कुणी नव्हतं.

त्याने सासूला हळूच खाली बसवलं.

"मी तिला उचललं नाही," तो म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता, पण तिथे तेव्हा माशी घोंगावली असती तरी ऐकू आली असती. "मी पेटी उचलली. आई दारातून हात पुढे करत होती, आणि मी वळलो. कातानात असेही लोक होते. त्यांतला मी."

तो दगड यायची वाट बघत उभा राहिला. आधी मागच्या बाजूला एक बाई हुंदका देऊन रडली. मग दुसरी. आणि मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की फळ्या हादरल्या. मंचावर उभं राहून जन्म घालवलेल्यांनाही अशी टाळी कधी मिळाली नसेल. वरून नाणी उधळली गेली. एका म्हाताऱ्याने एक नाणं टिपून त्यावरच्या बाईला ओठ लावले. अर्तेमोनने ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

कडेला उभा असलेला एक नकटा सोंगाड्या दुसऱ्याला म्हणाला, "नवखा आहे, पण कुठे थांबायचं ते कळतं बेट्याला. लिहून कुणी दिलं?"

"गप रे नकट्या," वेलिया खालूनच ओरडली. "उचल मला, ह्याच्या पायांत आता जीव नाही."

दुसऱ्या दिवशी चौकातल्या दंडाधिकाऱ्यांच्या उंच ओट्यापाशी ऑर्बिकियसने त्याला बाजूला घेतलं. आज तो हसत नव्हता. "ते वाक्य आपल्यात ठरलं नव्हतं. वठलं झकास, पण लोक विचारतायत. दंडाधिकारीही विचारतील. सांग, सोंग होतं. बस्स. नाणी साऱ्या शहरात गेलीत. आता ती परत गोळा करत हिंडू का मी?"

"आणि खरं असेल तर, धनी?"

"ते मी ऐकलेलं नाही," ऑर्बिकियस म्हणाला, "आणि तू बोललेला नाहीस."

ओट्याखाली गर्दी होती. बितुस होता. कांदेवाला वेलियाला आपल्या गाडीवर कांद्यांच्या मध्ये बसवून घेऊन आला होता. ती तोंड घट्ट मिटून बसली होती.

दंडाधिकारी वयस्क गृहस्थ होते, चेहऱ्याने मायाळू. सेवकाच्या हातात काठी तयार होती आणि बाजूच्या स्टुलावर लोकरीची पांढरी टोपी होती.

"कालचा तूच ना?" त्यांनी विचारलं. "अरे, माझी बायको घरी येईपर्यंत रडत होती. काय सोंग वठवलंस! सोंगच होतं ना ते?"

ऑर्बिकियस त्याच्याकडे रोखून बघत होता. अर्तेमोनला उत्तर द्यायचीही गरज नव्हती. नुसती मान खाली घातली असती तरी भागलं असतं. त्या विनयाचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या सोयीने काढला असता, आणि काठी खांद्याला लागली असती. त्याने गर्दीकडे पाहिलं नाही, टोपीकडेही पाहिलं नाही. दंडाधिकाऱ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन तो म्हणाला,

"सोंग नव्हतं ते, धनी. आईला मी टाकून आलो. आता टोपीचं काय करायचं ते तुम्ही बघा."